माळवद गार होतं म्हणून स्लॅबवर माती टाकायची?

'सोलापूरचा उन्हाळा फुकटात हरवा' असा एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो आत्याबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी थेट ट्रॉलीभर मातीचा भाव विचारला. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजमधला पहिला उपाय असा: जुनी माळवदं, म्हणजे लाकडावर माती टाकलेली सपाट छतं, गार असायची, तर स्लॅबवर सहा इंच पांढरी माती अंथरा. माळवदं गार असायची हे मान्य. पण तिथे दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती होत्या, खिडक्या लहान होत्या. शिवाय माती उष्णता फारशी अडवत नाही, लांबवते. दुपारचं ऊन रात्री खाली उतरतं. म्हणून तर माणसं माळवदावर उघड्यावर झोपायची.

आता वजन बघा. सहा इंच कोरडी माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे 250 किलो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चलभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरलाय चौरस मीटरला 150 किलो. 500 चौरस फुटांच्या गच्चीवर हे जवळपास 12 टन होतात, तेही पाऊस पडायच्या आधी. जून उजाडला की माती पाणी धरून बसणार, स्लॅबमधली सळई गंजणार आणि बेडरूमच्या छताचे पोपडे पलंगावर पडणार. हा सल्ला पुढे ढकलणाऱ्याने आधी स्वतःच्या स्लॅबचं ड्रॉइंग बघावं.

छत गार करायचंच असेल तर माती नको; आधी गच्चीत इंचभर पाणी 48 तास साठवून गळती तपासा, वॉटरप्रूफिंग आणि उतार नीट करून घ्या. त्यावर 40 मिलिमीटर एक्सपीएस शीट (थर्माकोलच्या जातीची, पण दाट) सांधे घट्ट बसवून टाका आणि वर पातळ कोबा करून पांढरी चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. शीटचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास. कोब्याचं मात्र खरं वजन असतं, ते इंजिनिअरला दाखवूनच. नव्या निवासी इमारतींसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेत छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचा आकडा, जास्तीत जास्त 1.2 असावा असं आहे. उघडा सहा इंची स्लॅब साडेतीनच्या वर जातो, ही शीट तो एकच्या खाली आणते.

दुसरा उपाय: कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद. कूलर म्हणजे एसी नव्हे, बाबांनो! तो हवेतली उष्णता बाहेर टाकत नाही, पाण्याची वाफ करून हवा गार करतो. बाहेर 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर चांगल्या पॅडमधून हवा 27 च्या आसपास निघते. ती वाफ बाहेर गेली नाही तर तासाभरात उशीचा अभ्रा दमट लागतो, घाम वाळत नाही. म्हाताऱ्या माणसांना हे घातक ठरू शकतं. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरची खिडकी दोनेक चौरस फूट उघडी. तिथे उदबत्ती धरा: धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. बोअरच्या क्षारांनी पॅड कडक होतात, मग मोटर फिरते पण गारवा येत नाही. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

तिसरा उपाय: गच्चीला चुना मारा, खोली दहा अंशांनी गार. हे अर्धं खरं आहे. पांढरी गच्ची तापते कमी, पण खोलीत फरक पडतो तो दोन-तीन अंशांचा, दहाचा नव्हे. धुळीने चुना मळतो, पावसात धुऊन जातो. दर मार्चमध्ये पुन्हा दोन हात.

शेवटचा उपाय: एसी 16 वर ठेवा, खोली लवकर गार होते. तसं होत नाही. 16 हा कॉम्प्रेसर कुठे थांबायचा त्याचा आकडा आहे, वेगाचा नाही. सेटिंग एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो, सांगतं. म्हणूनच जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी 24 वरच चालू होतात.