किट घालूनही संसर्ग झाला, म्हणून किट निरुपयोगी ठरते का?

कोविडच्या साथीपासून एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत आहे. त्यात म्हटले आहे की विषाणू 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि एन-95 मास्कची छिद्रे 0.3 मायक्रॉनची, तेव्हा मास्क काहीच अडवत नाही. प्रत्यक्ष चाचणीतही एन-95 आणि साधा सर्जिकल मास्क यांत फरक दिसला नाही. आणि पीपीई किट, म्हणजे मास्क, ग्लोव्हज, गाऊन असा संरक्षक पोशाख, घालूनही डॉक्टर व परिचारिका सर्वसामान्यांहून अधिक प्रमाणात बाधित झाल्या, म्हणजे ही सारी साधने निव्वळ देखावा आहेत. मजकुरातले काही तपशील खरे आहेत, त्यामुळेच तो सहज पटतो.

छिद्रांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. 0.3 मायक्रॉन हे छिद्राचे माप नव्हे. गाळण्यास अतिशय अवघड म्हणून चाचणीसाठी निवडलेल्या कणांचा तो साधारण आकार आहे, आणि त्या चाचणीत किमान 95 टक्के कण अडले तरच मास्कला एन-95 म्हणतात. मास्क चाळणीसारखा काम करत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि तंतूंना चिकटतात, आणि तंतूंवरचा स्थिर विद्युतभार दोन्हींना ओढून घेतो. शिवाय विषाणू एकटा उडत नाही, तो श्वासातल्या द्रवकणांतून येतो.

दुसऱ्या मुद्द्यातली चाचणी खरी आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत चार देशांतील 1,009 आरोग्य कर्मचारी होते. सर्जिकल मास्क वापरणाऱ्यांपैकी 10.46 टक्के, तर एन-95 वापरणाऱ्यांपैकी 9.27 टक्के बाधित आढळले. मात्र ही तुलना दोन मास्कमधली होती, मास्क घालणारे आणि न घालणारे यांच्यातली नव्हे. त्यातही अनिश्चितता एवढी होती की एन-95 च्या तुलनेत सर्जिकल मास्कमुळे धोका जवळपास 70 टक्क्यांनी वाढण्याची शक्यताही नाकारता येत नव्हती. एवढ्या आधारावर मास्क निरुपयोगी ठरवणे म्हणजे दोन छत्र्यांत फरक दिसला नाही म्हणून पावसात उघड्याने जाणे.

तिसरा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. ब्रिटन आणि अमेरिकेतील जवळजवळ एक लाख आघाडीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती मोबाइल अॅपवर गोळा करून 2020 मध्ये अभ्यास झाला. कर्मचाऱ्यांच्या चाचण्या अधिक होतात हे हिशेबात धरूनही त्यांचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे 3.4 पट निघाला. पुरेसे किट असूनही कोविड रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचा धोका, तितकेच पुरेसे किट असलेल्या पण अशा रुग्णांशी संबंध न आलेल्यांच्या जवळपास पाचपट होता. मजकूर लिहिणारे इथेच थांबतात. त्याच अभ्यासात किट अपुरे असलेल्यांचा धोका पुरेसे किट असलेल्यांच्या तुलनेत 1.31 पट आणि तेच किट पुन्हा वापरणाऱ्यांचा 1.46 पट आढळला. ही माहिती कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेली आहे, तेव्हा आकडे काटेकोर मानू नयेत. तरीही अग्निशमन दलाच्या जवानांना इतरांहून अधिक भाजते म्हणून त्यांचा पोशाख कुचकामी आहे असे आपण म्हणत नाही, कारण आगीत तेच शिरतात.

याच्या उलट उदाहरणही आहे. चीनमधील ग्वांगझूहून, साथ जिथे प्रथम पसरली त्या वुहानला पाठवलेल्या 420 डॉक्टर व परिचारिकांनी सहा ते आठ आठवडे कोविड रुग्णांची सेवा केली आणि त्यांपैकी एकालाही संसर्ग आढळला नाही. त्यांना पूर्ण किट आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण मिळाले होते, आणि एका पाळीत रुग्णांजवळचे काम चार ते सहा तासांचेच होते. इतके मनुष्यबळ बहुतेक रुग्णालयांकडे नसते, त्यामुळे हा निकाल सर्वत्र तसाच मिळेल असे मी म्हणणार नाही.

किट वॉर्डमध्ये रक्षण करते. जेवणाच्या खोलीत, जिथे सहकारी मास्क काढून समोरासमोर बसतात, तिथे ते अंगावर नसते. काढण्याची वेळ तर विशेष नाजूक. 2015 च्या एका अभ्यासात ग्लोव्हज आणि गाऊनवर चमकणारे द्रव्य लावून कर्मचाऱ्यांना ते उतरवायला सांगितले, तेव्हा 46 टक्के वेळा ते द्रव्य त्वचेवर किंवा कपड्यांवर लागले. त्याच अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या गटात हे प्रमाण 60 टक्क्यांवरून 18.9 टक्क्यांवर आले.