अ‍ॅनिमेशन शिकू पाहणाऱ्यांस चार समजुतीच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला, अभियांत्रिकीच्या यादीत नाव आले नाही आणि सहावीत असताना तुम्ही वहीच्या मागच्या पानावर एक बरे म्हणण्याजोगे माकड काढले होते हे आत्याला अचानक आठवले, की अ‍ॅनिमेशन हीच तुमची उपजत आवड आहे असे खुशाल समजावे. याहून अधिक चौकशीत वेळ दवडू नये. दादर, ठाणे किंवा बोरिवली स्थानकाबाहेर मान वर करून पाहिले, तर या क्षेत्राची सर्व माहिती एका फलकावर मिळेल: कानाला हेडफोन लावलेला तरुण संगणकाच्या पडद्याकडे पाहून हसतो आहे, त्याच्या खांद्यावरून ड्रॅगन डोकावतो आहे आणि खाली ठळक अक्षरांत नोकरीची हमी दिलेली आहे. तो तरुण एवढा का हसतो आहे, असा प्रश्न मनात आणू नका. तो अजून रेंडरिंगला, म्हणजे संगणक अंतिम चित्रे तयार करीपर्यंत वाट पाहत, बसलेला नाही, इतकेच.

महाविद्यालय निवडताना संगणक मोजावेत. यंत्रे किती, ग्राफिक्स कार्ड कोणत्या पिढीचे, वातानुकूलन चालते की नुसते दिसते, हे विचारणारा पालक जाणता ठरतो. रेखाटन कोण शिकवते आणि त्या शिक्षकांनी स्वतः एखादा लघुपट केला आहे का, असे विचारणारा पालक भांडखोर ठरतो, आणि प्रवेशाच्या दिवशीच वाईटपणा कोणी घ्यावा? पवईच्या आयआयटीत आयडीसी नावाची संस्था आहे आणि तेथे अ‍ॅनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. परंतु तिकडे फिरकण्यापूर्वी हे ध्यानात घ्या, की त्यासाठीच्या सीड परीक्षेत चक्क हाताने चित्र काढायला लावतात. एकविसाव्या शतकात कागद-पेन्सिल पुढे करणाऱ्यांकडून भवितव्य घडण्याची आशा ती काय धरायची? त्यापेक्षा माया, हार्मनी, आफ्टर इफेक्ट्स अशी सॉफ्टवेअरची नावे माहितीपत्रकावर ओळीने छापणारी संस्था केव्हाही बरी. ब्लेंडर फुकट मिळते, म्हणून त्याचा फार उल्लेख तेथे आढळणार नाही; जे फुकट आहे ते शिकण्यासाठी वडिलांनी कर्ज का काढावे, हे घरी पटवणे जड जाते.

प्रवेश मिळाला, की पहिली काळजी डोळ्यांची घ्यावी. ते शक्यतो उघडे ठेवू नयेत. सुरुवातीला तुम्हाला एक चेंडू उसळवायला लावतील. तो आपटताना चपटा व्हावा, वेगात असताना लांबट व्हावा, आणि तरीही तो तेवढाच चेंडू वाटावा, एवढ्याशा गोष्टीवर कित्येक दिवस जातात. पुढे माणूस चालवायची वेळ आली, की जुन्या वळणाचे एखादे सर सांगतील की स्केचबुक घेऊन फलाटावर जाऊन बसा. ऐकू नका. गेलात तर असे दिसू लागेल, की थांबत आलेल्या लोकलमधून उतरणारा माणूस पाय टेकण्याआधीच धड मागे झुकवतो, पहिली दोन-तीन पावले गाडीच्याच दिशेने धावतो, आणि तो सावरतो त्यानंतर क्षणभराने त्याची खांद्याची बॅग पुढे येऊन त्याच्या पोटावर आदळते. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईची मान जागची हलत नाही. सगळी चाल कमरेच्या खाली चाललेली असते. ही दृष्टी एकदा आली की जात नाही, हाच तिचा मोठा दोष. मग स्वतःच्या पात्राची चाल स्वतःलाच खोटी वाटू लागते, काम पुसून पुन्हा करावे लागते आणि ते उशिरा सादर होते. शेजारी बसणाऱ्याने इंटरनेटवरून तयार चाल उतरवून घेऊन आपल्या पात्राला चिकटवलेली असते. त्याला गुण तुमच्याइतकेच मिळतात आणि झोप तुमच्याहून जास्त.

गणिताला घाबरून इकडे आलेल्यांना येथे थोडा हिशेब करावा लागतो, त्याला नाइलाज आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे होतात आणि मिनिटाला ७२०. हा हिशेब कळल्यावरच शेवटच्या वर्षाच्या लघुपटासाठी शिवकालीन लढाईचा विषय घ्यावा, आणि तोही दहा मिनिटांचा. आपण घोडदळ निवडले आहे आणि प्रत्येक घोड्याला चार पाय असतात, हे साधारण फेब्रुवारी उजाडल्यावर लक्षात येते. तेव्हा न डगमगता सगळे घोडे धुक्यात घालावेत, नायकाला कड्यावर पाठमोरा उभा करावा आणि बाकीची लढाई निवेदकाच्या आवाजात उरकावी. पाठमोऱ्या माणसाचे ओठ हलवावे लागत नाहीत. परीक्षक याला दिग्दर्शकाचा संयम म्हणतात.

या शहराला या कलेची परंपरा आहे, असे कोणी सांगू लागले तर विषय बदलावा. १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झालेले दादासाहेब फाळके यांनी पुढे वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर झरझर वाढवून दाखवली, आणि १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चौकटीने सरकवून त्यांना नाचवले. पण त्यांच्याकडे एकाही सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे आजच्या मुलाखतीत त्यांची पहिल्या फेरीतच बोळवण झाली असती. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रसंस्थेत व्यंगपट विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि पुढे नामवंत अ‍ॅनिमेटर झालेले राम मोहन यांच्यासारखे लोक त्यांच्या हाताखाली हाताने चित्रे काढत बसले. परीक्षेत हा भाग टीप लिहा म्हणून येतो. तेवढ्यापुरताच वाचावा.

आता नोकरीकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. पदवीची श्रेणी कोणी विचारत नाही. तुमची शो रील, म्हणजे निवडक कामाची छोटी चित्रफीत, लावतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवून टाकतात. तुम्ही तीन वर्षे आपले पात्र, आपली गोष्ट असे घोकत आलेले असता, आणि अंधेरी, गोरेगाव किंवा मालाडच्या स्टुडिओत तुम्हाला बहुधा रोटो मिळते, म्हणजे चित्रित दृश्यातली आकृती चौकटीगणिक कडेने कापून वेगळी काढण्याचे काम. परदेशी चित्रपटातला पाच सेकंदांचा एक शॉट तुमच्या पुढ्यात येतो, म्हणजे १२० चौकटी. त्यात नायक वाऱ्यात उभा आहे आणि त्याने, देवाची करणी, शाल पांघरलेली आहे. शालीच्या कडेने एकेक बिंदू ठेवत रेषा काढायची, पुढच्या चौकटीत शाल हलली की बिंदू हलवायचे, दशी धूसर झाली असेल तिथे कडाही तितकीच धूसर करायची, आणि शाल संपली की केस. पहाटे तो शॉट कडा थरथरते आहे या शेऱ्यासह रीटेकला परत येतो. काम उत्तम झाले, तर कोणी काही काम केले आहे हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि श्रेयनामावलीत तुमचे नाव नसल्यामुळे आईलाही कळत नाही. हे काम तुच्छ आहे असे मी म्हणत नाही. त्याला जी नजर आणि चिकाटी लागते ती फलकावर छापलेली नसते, एवढेच.

स्थैर्याची चिंता मात्र करू नये. ऱ्हिदम अँड ह्यूज या दृश्यपरिणाम करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे मुंबई आणि हैदराबादेतही स्टुडिओ होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’मधील दृश्यपरिणामांसाठी तिच्या कलाकारांना ऑस्कर मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच धंद्यातला टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा भारतातल्याही हजारो कलाकारांच्या नोकऱ्या गेल्या. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की फेब्रुवारीत गृहकर्ज घेऊ नये.

सरकारचे लक्ष तुमच्याकडे आहेच. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या उद्योगासाठी कृती दल जाहीर झाले, २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मोठी जागतिक परिषद भरली, आणि लवकरच रोजगारांचा पूर येणार असल्याचे आता दर भाषणात सांगितले जाते. पूर आला म्हणजे तो सर्वप्रथम सखल भागात शिरतो, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. सध्या यंत्रे झपाट्याने जी कामे शिकत आहेत, त्यांत कडा कापण्याचे काम पुढच्या रांगेत आहे. म्हणजे फलाटावर जाऊन बसण्याचे टाळून तुम्ही जे हस्तगत केले, नेमके तेच. असो, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की नवा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही येतोच.

तोवर सोसायटीचे सेक्रेटरी गणेशोत्सवाच्या आठवडाभर आधी दार वाजवतील. आरतीआधी पडद्यावर दाखवायला “फक्त दोन मिनिटांचं, साधंसं” काहीतरी हवे असते: उंदीरमामा मोदकांचे ताट घेऊन जिन्याने वर येतात आणि सगळ्या मजल्यांवर वाटतात. मानधन म्हणून प्रसाद आणि माइकवरून नावाचा पुकारा. या कामाला नाही म्हणू नये. वर्षभरात स्वतःचे पात्र स्वतः चालवायला देणारा हा एकमेव ग्राहक आहे. उंदीर दोन पायांवर चालवायचा की चार, आणि लिफ्ट बंद आहे हे दाखवायचे की नाही, एवढे मात्र कमिटीकडून आधी लेखी घ्यावे.