अटकेची लेखी कारणं मिळाली म्हणून आरोपी मोकाट सुटत नाही

‘सुप्रीम कोर्टाने गुन्हेगारांना मोकळं रान दिलं. आता पोलीस एक कागद द्यायला विसरले की खुनीसुद्धा घरी. आणि हे सगळं कोणासाठी, तर गाडीखाली माणसं चिरडणाऱ्या श्रीमंताच्या पोरासाठी.’ अटकेची कारणं लेखी द्यायलाच हवीत, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालानंतर अशा अर्थाचा मजकूर बराच फिरतो आहे. त्यामागचा राग मला समजतो. हा निकाल ज्या प्रकरणात आला ते वरळीचं आहे. ७ जुलै २०२४ च्या सकाळी भरधाव बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या नवरा-बायकोला उडवलं आणि ती बाई गेली. तिच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा. पण मेसेजमधली विधानं निकालाशी ताडून पाहिली, तर फारच थोडं खरं उरतं.

पहिलं विधान, ‘त्या पोराला सोडायला कायदा वाकवला.’ या निकालाने त्या आरोपीची सुटका झाली नाही. पुढे त्याचा जामीन अर्जही फेटाळला गेला. कोर्टापुढचा प्रश्न कायद्याचा होता: अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची का? उत्तर आलं, हो, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल त्या भाषेत.

‘कागद नसेल तर खुनी सुटणार.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. कारणं दिली नाहीत तर ती अटक आणि त्यावरची कोठडी बेकायदा ठरते, माणूस बाहेर येतो. पण बाहेर येणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलं आहे की अटक बेकायदा ठरली तरी तपास, दोषारोपपत्र आणि खटला त्यामुळे रद्द होत नाही. नोव्हेंबरच्या निकालाने तर पोलिसांना वाटही दाखवली आहे. कारणं लेखी द्या, पुन्हा कोठडीचा अर्ज करा, दंडाधिकारी शक्यतो आठवड्याच्या आत निर्णय देतील. ऑगस्ट २०२५ मध्ये खुनाचा आरोप असलेला कन्नड अभिनेता दर्शन याचा जामीन याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. लेखी कारणं मिळाली नाहीत हा मुद्दा त्याच्याही बाजूने मांडला होता. त्यामुळे आरोपीचं काही नुकसान झाल्याचं दिसत नाही, असं कोर्टाने तेव्हा म्हटलं.

‘हे कोर्टाने नवीनच काढलं.’ राज्यघटनेचा अनुच्छेद २२(१) १९५० पासून आहे आणि अटकेची कारणं सांगणं त्यात बंधनकारक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्ये आहे. बदल झाला तो ‘लेखी’ या अटीचा, आणि तोही पायरीपायरीने. ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालात ईडीचं, म्हणजे आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, म्हणणं होतं की कारणं वाचून दाखवली. आरोपींनी ते नाकारलं. कोणाचं खरं मानायचं? कागद असता तर हा वादच उरला नसता.

मग आलं ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांचं प्रकरण, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालचं. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे त्यांना न्यायाधीशांच्या घरी उभं केलं. त्यांच्या वकिलाला आधी कळवलंच नव्हतं, विधी सेवेचा वकील बोलावून काम उरकलं. १५ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली आणि एक फरक मांडला, जो मला या सगळ्या निकालांचा गाभा वाटतो. ‘पुरावा नष्ट होऊ नये’, ‘योग्य तपासासाठी’ ही वाक्यं कोणत्याही आरोपीच्या कागदावर छापता येतात. घटनेला हवी असलेली कारणं त्या एका माणसाबद्दलची असतात. तू नेमकं काय केलंस असं आमचं म्हणणं आहे, ते लिहा. ते माहीत नसेल तर वकील पोलीस कोठडीला विरोध करणार कशाच्या आधारावर?

‘पोलिसांचे हात बांधले.’ पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतोय, तेव्हा कागद लिहीत बसा असं कोर्टाने म्हटलेलं नाही. तिथे तोंडी सांगून अटक करता येते. लेखी कारणं मात्र रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. दोन तास अशासाठी, की वकिलाला ती वाचता यावीत. शिवाय हा कागद सरकारी पक्षाच्याही फायद्याचा आहे. पहिल्याच दिवशी तो नीट दिला, की अटकेवरून महिनोन्महिने चालणारे वाद तिथेच मिटतात. लवकर निकाल हवा असणाऱ्या पीडितांच्या घरच्यांना याहून काय हवं?

राहिलं ते ‘याचा फायदा फक्त पैसेवाल्यांना’. ही गोष्ट मला सर्वात जास्त टोचते, कारण वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. पैसेवाल्याचा वकील त्याच्या आधी पोलीस ठाण्यात पोचलेला असतो. कागदाची गरज आहे ती सुरतेत पकडलेल्या खानदेशी मजुराला, ज्याला गुजराती वाचता येत नाही. गडचिरोलीच्या माडिया बोलणाऱ्या पोराला, ज्याला पंचनाम्याचं मराठीही परकं आहे. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ७५.८ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांना ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळं होणारा मेसेज लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा.

तुमच्या घरातल्या कुणाला उचललं, तर कारणांचा कागद मागा आणि तो किती वाजता हातात पडला ते त्यावर लिहून घ्या. अटक झाल्याचं नातेवाइकांना कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. कागद मिळाला नसेल तर रिमांडच्या वेळी पहिल्याच वाक्यात दंडाधिकाऱ्यांना सांगा. नियम पाळल्याचं सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर आहे.