दुरुस्तीच आजार वाढवते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनंच आजार लवकर आणतात हे विधान उफराटं आहे, कारण अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुसऱ्या आनुवंशिक आजारात दुरुस्ती होत नाही म्हणूनच मेंदू झिजतो. आजार घडवतं ते बिघडलेलं प्रथिन, तुम्ही बारावीला तेच शिकवत आलात. आणि कायनेटिन या संयुगाबद्दल लिहून मी रुग्णांच्या घरच्यांना खोट्या आशेला लावलं. ते पहिलं विधान मी मागे घेत नाही. दुसऱ्या हरकतीपासून सुरुवात करतो, खरी गंमत तिथेच आहे.

या आजारात बिघडणारं प्रथिन म्हणजे हंटिंग्टिन. त्याच्या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने पुन्हापुन्हा येतात. ३६ पेक्षा कमी वेळा आली तर आजार होत नाही. ४० किंवा जास्त असतील तर माणूस पुरेसा जगल्यास होतोच. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात एक ग्लुटामाइन (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, म्हणजे अमिनो आम्ल). म्हणून १९९३ साली जनुक हाती लागल्यापासून सगळे धरून चालले होते, की ग्लुटामाइनची माळ जितकी लांब तितका आजार लवकर. आता, बहुतेकांच्या जनुकात या रांगेच्या टोकाशी एक सीएए असतो. सीएए म्हणजेही ग्लुटामाइनच. मोजक्या लोकांत त्या सीएएच्या जागीही सीएजीच असतो. प्रथिनात त्याने तसूभर फरक पडत नाही, तरी या लोकांना आजार अपेक्षेपेक्षा लवकर गाठतो! नऊ हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांवरून २०१९ मध्ये हे स्पष्ट झालं. प्रथिन तेच आणि वय वेगळं, तर वेळ ठरवणारी गोष्ट डीएनएतच असणार.

ती गोष्ट म्हणजे सलग सीएजींची लांबी, आणि ती आयुष्यभर एकच राहत नाही. लांब रांगेत डीएनएचा एक पदर घसरतो आणि त्याचा फुगवटा होतो. तो ओळखणारं एमएसएच३ हे दुरुस्तीचं प्रथिन आणि त्याचे साथीदार धावून येतात, कापतात, भरतात, आणि भरताना जास्तीचे सीएजी बसवून जातात. दर रफूला कापड थोडं वाढावं, तसं. मेंदूच्या स्ट्रायटम या भागातल्या चेतापेशी विभागत नाहीत, तरी त्यांच्यात हे चालूच राहतं. जन्मतः ४०-४५ असलेली रांग काही पेशींत शेकड्यांत गेलेली २०२५ च्या सुरुवातीला एकेक पेशी तपासून दाखवली गेली; साधारण १५० च्या पुढे गेल्यावरच पेशींचा कारभार कोलमडताना दिसला. एफएएन१ हेही दुरुस्तीचंच प्रथिन, पण ते या वाढीला लगाम घालतं. तेव्हा ‘दुरुस्ती’ सरसकट चांगली किंवा वाईट असं म्हणताच येत नाही.

अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तिथलं खातं वेगळं. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की एटीएम हे प्रथिन पी५३ सारख्या कित्येक प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून वर्दी देतं. एटीएमच नसेल, जसं या आजारात, तर वर्दी जात नाही. दोन्ही आजारांना एकच नियम लावायचा आग्रह कशाला?

मग प्रथिन निर्दोष का? मुळीच नाही. उंदरांच्या एका वाणात ९७ ग्लुटामाइनचं मानवी हंटिंग्टिन घातलेलं आहे, पण त्याच्या जनुकात सीएजी आणि सीएए मिसळलेले, त्यामुळे रांग वाढत नाही. तरीही उंदीर आजारी पडतात. २००९ मध्ये याच प्रथिनातली १३ वी आणि १६ वी कडी (दोन्ही सेरीन हे अमिनो आम्ल) अशी बदलली, की तिथे जणू कायम फॉस्फेट चिकटलेला आहे. ग्लुटामाइन ९७ च राहिले, उंदीर मात्र आजारापासून वाचले. माणसाच्या पेशीत डीएनए लांबत लांबत जिथवर पोचतं, तिथे हा उंदीर जन्मतःच असतो, असं मी याकडे पाहतो. तुम्ही शिकवलंत ते चुकीचं नव्हतं, गोष्टीचा उत्तरार्ध होता.

कायनेटिनचा विषय या फॉस्फेटवरूनच आला. १९५५ मध्ये हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएपासून मिळालेलं हे संयुग ऊतिसंवर्धनवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं. २०१८ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की त्यामुळे हंटिंग्टिनवर नेमक्या त्याच जागी फॉस्फेट वाढतो आणि आजारी उंदरांची हालचाल सुधारते. उंदरांची, हे लेखातही होतं. हंटिंग्टिन कमी करायची कल्पनाही उंदरांत उत्तम चालली होती. पण त्यासाठीच्या टोमिनर्सेन या औषधाची माणसांतली मोठी चाचणी २०२१ मध्ये मधेच थांबवावी लागली. कुणीही हे रसायन आणून पोटात घेऊ नये.

शेवटी तुमच्या पुतण्याबद्दल विचारलंत. रिपोर्टवरच्या सीएजींच्या ४२ या आकड्यावरून आजार नेमका कोणत्या वर्षी सुरू होईल हे सांगता येत नाही. नेहमीची चाचणी तुकड्याची लांबी मोजते, सीएए आहे की नाही हे पाहत नाही. एमएसएच३ तपासून घेण्यावर पैसे घालवू नका, त्यावर आज काही उपाय नाही. जनुकीय समुपदेशकाकडे दोघा नवरा-बायकोला बरोबरच पाठवा. त्यांच्या धाकट्या मुलीची चाचणी मात्र आत्ता करू नका. तिला काही लक्षणं नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर करायची की नाही ते तिचं ती ठरवेल.