नागपूरच्या आर्ट गॅलरीचा सीझन मे महिन्यात हवा

नागपुरात मॉडर्न आर्टची मोठी गॅलरी व्हावी असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात ही मागणी होते, टाळ्या पडतात, समोसा-कॉफी होते आणि मंडळी घरी जातात. माझी मागणी त्याच्या थोडी पुढची आहे. अशी गॅलरी झालीच, किंवा आहेत त्या गॅलऱ्यांनी मनावर घेतलं, तर तिचा मुख्य सीझन मे आणि जूनमध्ये असावा. हो, मे. 45 डिग्रीवाला. घरी हे बोलले तर सासूबाईंनी थेट त्यांच्या लेकालाच विचारलं, "काहून रे, हिले ऊन लागलं का?"

लागलेलं नाही. ऐकून घ्या.

चित्रप्रदर्शनांचा सीझन हिवाळ्यातच असतो हे आपण दिल्ली-मुंबईकडून उचललं. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर थंडीतला, मुंबईचा काळा घोडा महोत्सवही जानेवारी-फेब्रुवारीच्याच सुमाराचा. त्यांचं बरोबर आहे. परदेशातली पाव्हणी तेव्हाच येतात, विकत घेणारे तेव्हाच हिंडतात. पण नागपूरच्या हिवाळ्यात जागा आहे कुठे? डिसेंबरात अधिवेशन. सिव्हिल लाइन्सचे निम्मे रस्ते बॅरिकेड्सनी बंद, हॉटेलं फुल्ल, मोर्चे वेगळेच. मग दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातला क्राफ्ट मेळा, कृषी प्रदर्शनं, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि लग्नं तर विचारूच नका, एकेका संध्याकाळी दोन-दोन रिसेप्शन. या गर्दीत बिचाऱ्या चित्रांच्या वाट्याला शुक्रवार ते रविवार येतो. बहुतेक वेळा हॉलचं भाडं चित्रकारानं स्वतःच्या खिशातून भरलेलं असतं. शुक्रवारची अर्धी संध्याकाळ पाहुण्यांची वाट बघण्यात जाते, मग दिवा, मग बुके, मग चित्रांकडे पाठ करून काढलेले फोटो. रविवारी रात्री चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत. शनिवारी नातेवाइकाचं लग्न असेल तर तुमचं प्रदर्शन हुकलंच.

आता मे बघा. नागपूरकराला मी काय सांगावं! अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत बसायचं. लाइट गेली की संपलं. शाळा बंद, आणि विदर्भात तर त्या उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे दोन महिने पोरं घरात कोंडलेली. मोबाइल किती वेळ बघतील? चार वाजले की "कुठंतरी न्या नं" सुरू होतं. मग आपण जातो मॉलमध्ये, काही विकत घ्यायचं नसताना. सरकत्या जिन्यानं वर, सरकत्या जिन्यानं खाली, फूड कोर्टात एक पिझ्झा चौघांत, आणि खरेदी म्हटली तर फक्त गारव्याची. काही घरची पोरं तर नुसती मेट्रोत बसायला जातात, सीताबर्डीला चढून खापरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, कारण डबा थंड असतो. याला मी हसत नाही. मी स्वतः जाते.

हे झालं ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांचं. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांची दुपार कशी जात असेल ते तुमच्या-माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारा. तिच्या लेकरांना मॉलचा गार्ड दारातच हटकतो.

आणि आता मुद्द्याचं. चित्रांनाही एसी लागतो. चैन म्हणून लागत नाही, त्यांना जगायलाच लागतो. कॅनव्हास हवेतला ओलावा पिऊन फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वरचा तैलरंगाचा थर जसा जुना होतो तसा कडक होतो आणि या ओढाताणीत त्याला तडे जातात. म्हणून चांगल्या म्युझियममध्ये हवेतला ओलावा साधारण 50 टक्क्यांच्या आसपास आणि तापमान विशीच्या थोडं वर, रात्रंदिवस एकसारखं ठेवतात. उजेडाचंही तसंच, कागदावरच्या चित्रावर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, तैलचित्रावर 200 च्या आसपास. आता नागपूरची हवा आठवा. मेमध्ये अशी कोरडी की ओठ फुटतात, आणि जुलैत अशी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एखाद्या मोठ्या संग्रहाकडे चित्रं उसनी मागायला गेलं तर पहिला प्रश्न हाच येणार, की तुमच्या हॉलची हवा वर्षभर कशी असते? म्हणजे धड गॅलरी बांधायची तर मे महिन्यात तिचा एसी चोवीस तास चालणारच, आत कुणी असो वा नसो. मग बिल भरायचंच आहे तर भिंतीच का गार करायच्या? माणसांना आत घ्या की.

"पण दाखवणार काय?" असं माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ विचारतात. त्यांना मी रझा सांगते. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे मुलगा चित्रकला शिकायला इथे आला. 1939 ते 1943 नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकला, मग मुंबईत जे.जे.ला गेला, 1947 मध्ये हुसेन, सुझा वगैरेंबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, पुढे पॅरिस गाठलं. त्याचा तो 'बिंदू', म्हणजे चित्रातलं ते मोठं काळं वर्तुळ, आता टी-शर्टवरसुद्धा मिळतो. आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे तर 1924 साली जन्मलेच नागपुरात. 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं चित्र 23 कोटींच्या वर गेलं तेव्हा "अरे, हे तर आपल्याकडचे" अशी आपली कॉलर ताठ झाली. पुढे? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं 2014 मध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. ते ज्या गावात जन्मले तिथल्या पोराला त्यांचं चित्र बघायचं तर दिल्ली-मुंबईचं रिझर्व्हेशन काढावं लागतं. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट दिल्लीला 1954 पासून आहे, मुंबईला 1996, बेंगळुरूला 2009. तिच्या तळघरांत किती कामं झाकून ठेवलेली असतील! त्यातली थोडी मे-जूनपुरती झिरो माइलला का येऊ नयेत? देशाचा मध्य म्हणून मिरवतो नं आपण.

भोपाळनं हे केव्हाच केलं. 1982 मध्ये चार्ल्स कोरियांच्या आराखड्यावर भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहिलं. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिथे शहरी चित्रकारांची आणि आदिवासी कलाकारांची कामं एकाच छपराखाली आणली. मंडला भागातल्या पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम या तरुण गोंड मुलाचं काम तिथूनच जगापुढे गेलं. आणि आमचं नागपूर? गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेलं शहर. इथे गोंड चित्र बघायला मिळतं ते मेळ्याच्या स्टॉलवर, ट्रेवर नि कोस्टरवर, आणि आपण त्यात घासाघीस करतो.

आता फॅमिलीसाठीच्या कार्यक्रमांबद्दल. इथे मला जरा मोठ्यानं बोलायचंय.

आपल्याकडे 'मुलांसाठी कलेचा उपक्रम' म्हणजे एकच, चित्रकला स्पर्धा. सतरंजीवर पोरं, विषय 'पाणी वाचवा', दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, आणि दोरीपलीकडून आईबाबांचं दिग्दर्शन, "आकाश निळं कर, आकाश!" दोन तासांनी बक्षीस, पेन स्टँड, फोटो. जरा मोठी झाली की एलिमेंटरी-इंटरमिजिएट, कारण ए ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढतात, बी ला 5, सी ला 3. परीक्षांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे खेड्यापाड्यात ड्रॉइंगचे मास्तर टिकले. पण या सगळ्यात पोरगं दुसऱ्यानं काढलेलं एखादं खरं चित्र कधी बघतं? शाळेतून थेट नोकरीपर्यंत पोचलेली, चारशे रंगपेट्या संपवलेली आणि एकही अस्सल पेंटिंग जवळून न बघितलेली माणसं मी रोज भेटते.

मागच्या वर्षी भाच्याला घेऊन एका प्रदर्शनाला गेले होते. कुठल्या गॅलरीत ते सोडा. दारातच "टच मत करना", मग "दौडना मत", मग "नीचे मत बैठो". भिंतीवरची सगळी लेबलं इंग्रजीत, त्यांतली निम्मी 'अनटायटल्ड'. बसायला बाक नाही, पाण्याचा कूलर बंद, आणि दुपारी एक ते चार गॅलरीच बंद. पण तो पोरगा एका मोठ्या पिवळ्या-तपकिरी कॅनव्हाससमोर गेला आणि तिथेच थांबला. आधी लांबून, मग जवळून, मग गार्डचं लक्ष नसताना उकिडवा बसून खालून. रंगाचे थर एकावर एक चढवलेले होते, कडेला तर बोटभर जाड. मला म्हणाला, "मावशी, हे बघ, ब्रशचा केस अडकून राहिला." खरंच होता. जाड पिवळ्यात एक काळा केस, थोडा वाकलेला, आणि केस ओढला गेला तिथे रंगाला बारीकशी चीर. त्यानं मग तो केस कुठून कुठे गेला ते शोधत अख्खं चित्र उलगडलं. हात आधी डावीकडून आला, मग चित्रकारानं मत बदललं, मग वर घासलं. "यानं खूप वेळ लावला," म्हणाला. त्याला कुणी अमूर्त म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं. मीही गप्प बसले, आणि ते मला फार अवघड गेलं.

फॅमिली इव्हेंट म्हणजे एवढंच हवं आहे मला. एक चित्र, अर्धा तास, जमिनीवर बसायची परवानगी आणि मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं.

"नागपूरकर बाया-पोरं घेऊन चित्रं बघायला येणार नाहीत" असं ज्यांना वाटतं त्यांनी गणपतीच्या आधी महालात चितार ओळीत एक चक्कर मारावी. एरवी एका जागी न ठरणारी पोरं तिथे गल्लीच्या कडेला खांबासारखी उभी असतात, कारण आत मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत असतो. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, एक रेघ पापणीची, एक बुबुळाची. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी स्पर्धा ठेवत नाही, आणि घरची माणसंही घाई करत नाहीत. किंवा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत मारबत बघा, ईडा-पीडा घालवायला काढलेल्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. सोबत बांबू आणि कागदाचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, त्यांच्यावर महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे छळतं ते सगळं. आजीपासून नातवापर्यंत सगळे रस्त्यावर, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत". राजकीय इन्स्टॉलेशन म्हणून हे कुठल्या परदेशी बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ठेवलं तर आपण तिकीट काढून बघू. हे शहर बघणाऱ्यांचंच आहे. अजब बंगल्यात जाऊन बघा, 1863 पासूनचं ते म्युझियम, सुटीच्या दिवशी गावाकडून आलेली कुटुंबं डबे घेऊन येतात, हिरवळीवर जेवतात, परत आत जातात. त्यांना कुणी पत्रिका छापून बोलावत नाही.

तेव्हा गॅलरीवाल्यांनी "ऑडियन्स नाही" हे रडगाणं बंद करावं. ऑडियन्सला तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी सहाला बोलावता, ट्रॅफिकमध्ये, लग्नसराईत. मेमध्ये दुपारी बोलावून बघा. सकाळी अकराला उघडा, रात्री आठला बंद करा, मध्ये सुटी नको. प्रदर्शन तीन दिवसांचं नको, सहा-आठ आठवडे टिकू द्या, म्हणजे पोरगं दुसऱ्यांदा येईल आणि दुसऱ्यांदा आल्यावरच नीट बघेल. पिण्याचं थंड पाणी दारातच, आणि ते मागायला लाज वाटू नये अशा जागी. आजीआजोबांना पाठ असलेले बाक. लेबलं मराठीत, हिंदीतही, मोठ्या अक्षरांत, गुडघ्याच्या उंचीवरही चालतील. चितार ओळीतल्या एखाद्या मूर्तिकाराला एखादा रविवार द्या, बडगे बनवणाऱ्यांना एखादा, आणि त्यांना मानधन द्या, शाल-नारळ नको. प्रवेश फुकट ठेवा. दारावरच्या गार्डला एकच सांगा, कपडे बघून कुणाला थांबवायचं नाही. त्या टिनाच्या छपराखालचं पोर नुसतं झोपायला आलं तरी झोपू द्या, उठल्यावर समोर काहीतरी दिसेलच.

वीजबिलाचं काय, असं महापालिकेतले कुणी विचारतीलच. चौकाचौकात जे कारंजं बसतं आणि सहा महिन्यांत बंद पडतं, त्याच्या खर्चात बघा जमतं का.

आणि उद्घाटनाची काळजी नको. मे महिन्यात मुंबईहून तसंही कुणी येत नाही.