‘कमोडोर ६४ वर स्क्रोलिंग आयतं मिळायचं’ हे खरं नाही

कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांवरच्या अंतराळ-शूटर खेळांबद्दल एक विधान सतत फिरतं: ‘कमोडोर ६४ मध्ये हार्डवेअर स्क्रोलिंग (चिपनेच पडदा सरकवणं) आणि आठ स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्र हलणारी छोटी चित्रं) होते, म्हणून सगळं चिपच करायची. ती सोय नसलेल्या स्पेक्ट्रमवर असे खेळ शक्यच नव्हते.’ यातली मशीनची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचे आहेत.

चित्र दाखवणारी व्हिक चिप पडदा सरकवते, पण फक्त ० ते ७ पिक्सेल. ५३२७० या पत्त्यावरच्या रजिस्टरचे (चिपच्या नियंत्रण-बाइटचे) खालचे तीन बिट तेवढंच करतात. त्यापुढे आकडा मागे आणायचा आणि त्याच फ्रेममध्ये (पडद्याच्या एका चित्राच्या वेळात) पडदा ज्यांनी बनतो ती ४० × २५, म्हणजे १००० अक्षरं एक घर हलवायची. हे काम प्रोसेसरचं. लूप न ठेवता सलग सूचना लिहिल्या तरी एका बाइटला ८ सायकल (प्रोसेसरचे ठोके) लागतात. म्हणजे अक्षरांना ८००० आणि रंगांना आणखी ८०००. पाल या टीव्ही-पद्धतीच्या मशीनवर एका फ्रेममध्ये असतात १९,६५६ सायकल, आणि त्यातले हजारेक व्हिक चिप स्वतःसाठी घेते. उरलेल्या अडीच हजारांत शत्रू, टकरी आणि संगीत बसवायचं कसं?

उपाय म्हणजे मेमरीत दोन स्क्रीन. दुसरी स्क्रीन काही फ्रेममध्ये तुकड्यातुकड्याने भरायची आणि ५३२७२ या रजिस्टरमधून अदलाबदल करायची. खरी अडचण रंगांची. रंगांची मेमरी ५५२९६ या पत्त्यावर कायमची, तिची दुसरी प्रत ठेवता येत नाही. म्हणून पडद्यावर ओळीओळीने चित्र काढणारा किरण वरचा भाग ओलांडून गेला की त्याच्या मागोमाग रंग हलवायचे. उशीर झाला की पडद्याच्या मधोमध रंग फाटलेले दिसतात. बऱ्याच खेळांची पार्श्वभूमी एकरंगी दिसते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

‘आठ स्प्राइट म्हणजे आठच शत्रू’ हेही चूक. स्प्राइट २१ ओळी उंच असतो. किरण त्याच्याखाली गेला की रास्टर इंटरप्ट (किरण ठरावीक ओळीवर आल्याचा प्रोसेसरला मिळणारा इशारा) घेऊन त्याला नवी जागा आणि नवा आकार द्यायचा. त्यासाठी दर फ्रेमला शत्रू उंचीनुसार क्रमाने लावावे लागतात. एकाच ओळीत नववा आला तर तो गायब होतो. शिवाय आकारांचे पॉइंटर (कुठलं चित्र दाखवायचं ते सांगणारे बाइट) प्रत्येक स्क्रीनच्या १०१६व्या बाइटपासून असतात. दोनपैकी एकाच स्क्रीनमध्ये लिहिले, तर अदलाबदल होताच शत्रूंच्या जागी कचरा दिसतो.

आता स्पेक्ट्रम. तिथे ६१४४ बाइटचं चित्र एलडीआयआर या बाइटची नक्कल करणाऱ्या सूचनेने हलवायला सुमारे १,२९,००० टी-स्टेट (तिथल्या प्रोसेसरचे ठोके) लागतात, फ्रेममध्ये असतात ६९,८८८. अख्खा पडदा दर फ्रेमला असा हलवणं अशक्य, हे मान्य. तरीही कमोडोरवर गाजलेला ‘युरिडियम’ हा अंतराळ-शूटर १९८६ मध्येच स्पेक्ट्रमवरही आला.