म्हणे, "सेमच आहे, चालते सगळ्यांना"

ठाण्यात वागळे इस्टेट असो नाहीतर जांभळी नाका, चामड्याच्या बॅगा शिवायच्या माझ्या मशीनसाठी डीपी १७ सुई मागा, दुकानदार खणातून डीबी १ चंच पाकीट काढून पुढे सरकवणार. "घ्या हो ताई, सेमच आहे, चालते सगळ्यांना." अहो, नाही चालत! ती कपड्याच्या साध्या मशीनची. माझं वॉकिंग फूट (वरचा पायही माल पुढे सरकवतो ते मशीन), त्याला तिच्यापेक्षा पाचेक मिलिमीटर जास्त लांब आणि जाड दांड्याची सुई लागते. आखूड सुई लावली की खाली हूकला (बॉबिनभोवती फिरून धागा पकडतो तो भाग) धाग्याचा फास सापडतच नाही आणि टाके सुटत जातात. बॅगेच्या पट्ट्यापाशी चार थर आले की तर विचारूच नका. बरं, चामडं उसवून परत शिवायची सोय नाही; पडलेलं भोक कायमचं.

मेकॅनिक बोलवावा, तर त्याच्या पिशवीतही डीबी १! वर सुईकडे न बघता थेट धाग्याच्या टेन्शनचा (ताणाचा) नट पिळत बसतो. (पावसाळा असेल तर "हवा दमट आहे ना" हे ठरलेलं.) टायमिंग (सुई आणि हूकची वेळ जुळते का ते) बघा म्हटलं तर म्हणतो, "मोटर बदला, सर्व्हो बसवून देतो." सर्व्हो (वेग हवा तसा कमीजास्त करता येतो ती मोटर) बसवली की सुई लांब होते का हो?